पहिल्या दृश्याचं देणं

थरारपटाच्या संकलनात पहिल्या दृश्यावर जितका खल होतो, तितका उरलेल्या दोन तासांवर क्वचितच होतो. तरीही ते दृश्य पक्कं होतं सगळ्यांत शेवटी. पटकथेत ते पहिल्या पानावर असतं, चित्रीकरणात त्याची पाळी कधीही लागते, पण एडिटच्या टाइमलाइनवर ते अखेरच्या दिवसांपर्यंत मागेपुढे सरकत राहतं. त्याचं कारण साधं आहे. गोष्ट शेवटी कुठे पोचते हे हाडीमासी मुरल्याशिवाय सुरुवातीला प्रेक्षकाला काय द्यायचं हे ठरवता येत नाही. या टप्प्यावर दोन मागण्या हमखास पुढे येतात. एक पैसे लावणाऱ्याची: पहिल्या दोन मिनिटांत खून दाखवा, नाहीतर लोक उठून जातील. दुसरी बहुधा लिहिणाऱ्याची: सुरुवातीला कशाचाच थांग लागू देऊ नका, गूढ राहिलं पाहिजे. दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे, की उत्कंठा म्हणजे प्रेक्षकाला अंधारात ठेवणं. माझं कामातून बनलेलं मत याच्या उलट आहे. थरारपटाचं चांगलं पहिलं दृश्य प्रेक्षकाला काहीतरी खरं आणि नेमकं देऊन टाकतं. राखून ठेवायचा असतो तो फक्त त्याचा अर्थ. ज्याच्या हाती काहीच नाही त्याला कुतूहल वाटत नाही, तो नुसता गोंधळतो. आणि गोंधळलेला माणूस फार वेळ बसत नाही.

या मताचा सगळ्यांत ठळक पुरावा माझ्याच गोव्यात घडणाऱ्या एका चित्रपटात आहे. ‘दृश्यम’ची कथा मुळात जीतू जोसेफ यांची, 2013 च्या मल्याळम चित्रपटाची. निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये ती हिंदीत करताना गोव्यात आणली. नायक झाला विजय साळगावकर, केबलचा धंदा करणारा, चौथी नापास, सिनेमाचं वेड असलेला गृहस्थ. या कथेची चौकट अशी आहे, की आरंभीच नायक नव्या पोलीस ठाण्यात बसलेला दिसतो आणि तिथून गोष्ट मागे जाते. प्रेक्षकाला मिळतं ते एवढंच: हा माणूस, हे ठाणं, आणि इमारत नवी आहे ही वरवर फालतू वाटणारी माहिती. कुठेही रक्त नाही, किंकाळी नाही. मात्र इतक्यावरच पुढचा तासभर प्रेक्षक त्या कुटुंबाचं संथ जगणं सहन करतो, किंबहुना चवीने पाहतो. मुलीची शाळा, बायकोशी होणारी लाडीगोडी, गायतोंडेसारख्या लाचखाऊ पोलिसाशी उडणारे खटके या प्रत्येक प्रसंगावर त्या ठाण्याची सावली आधीच पडलेली असते. हा माणूस तिथे का जाऊन बसणार आहे, हा प्रश्न कोणी उच्चारत नाही, तो आपोआप चालू राहतो. शेवटी उलगडतं, की ज्या प्रेताचा शोध अख्खं पोलीसदल घेत आहे ते त्याच ठाण्याच्या जमिनीखाली पुरलेलं आहे, इमारतीचं काम चालू असताना पुरलेलं. म्हणजे उत्तर पहिल्याच दृश्यात पडद्यावर होतं. ते लपवलेलं नव्हतं, समोर मांडलेलं होतं. प्रेक्षकाकडे फक्त ते वाचण्याची किल्ली नव्हती.

या चित्रपटाचा दुसरा भाग हेच सूत्र उलट्या बाजूने वापरतो. कामत 2020 मध्ये गेले. 2022 चा हिंदी ‘दृश्यम 2’ अभिषेक पाठक यांनी दिग्दर्शित केला. इथे सुरुवातीला दिसतो एक अनोळखी माणूस. खून करून पोलिसांपासून पळताना तो प्रेत पुरलं गेलं त्याच रात्री त्या अर्धवट बांधलेल्या ठाण्याजवळ दडतो आणि विजयला तिथून बाहेर पडताना बघतो. मग त्याला अटक होते आणि तो वर्षानुवर्षं तुरुंगात राहतो. पहिल्या भागाचं रहस्य तर सगळ्यांना ठाऊक झालेलं. तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही, आता थरार कुठून आणायचा? दिग्दर्शकाने तो प्रेक्षकाच्या हाती नायकापेक्षा जास्त माहिती देऊन आणला. विजयला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, आणि साक्षीदार आहे हे आपल्याला माहीत असतं. चित्रपटगृह चालवणारा, सुखवस्तू झालेला विजय जितका निश्चिंत दिसतो तितका आपला जीव टांगणीला लागतो. पहिल्या भागात प्रेक्षक नायकाच्या मागे होता, दुसऱ्यात त्याच्या पुढे आहे. दोन्हीकडे सुरुवातीच्या दृश्याने काहीतरी दिलेलंच आहे, फक्त देण्याची दिशा बदलली आहे.

जगभरच्या सिनेमात याचे दाखले कमी नाहीत. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’ (1958) या चित्रपटाची सुरुवात आमच्या व्यवसायात सारखी सांगितली जाते ती तीन मिनिटांहून अधिक चालणाऱ्या अखंड शॉटसाठी. पण त्या शॉटची ताकद कॅमेऱ्याच्या करामतीत कमी आणि पहिल्या काही सेकंदांत जास्त आहे. एक हात बॉम्बचं घड्याळ लावतो आणि तो बॉम्ब एका मोटारीच्या डिकीत ठेवून पळतो. त्यानंतर पडद्यावर काय आहे? सरहद्दीवरचं गाव, रस्त्यावरची वर्दळ, फिरायला निघालेलं नवपरिणीत जोडपं, नाक्यावरच्या गप्पा. बॉम्ब ठेवल्याचं दाखवलंच नसतं तर ही तीन मिनिटं निव्वळ गावाचं वर्णन ठरली असती आणि स्फोट क्षणभराचा धक्का. दाखवल्यामुळे गाडी प्रत्येक माणसापाशी थांबली की घशाला कोरड पडते. संकलक म्हणून यातून शिकायचं ते असं, की कट न मारता इतका वेळ टिकण्याची परवानगी प्रेक्षकाने दिली ती माहितीच्या बदल्यात. माहिती दिली नाही तर तेच दृश्य वाचवण्यासाठी तीस कट मारावे लागतात, आणि तरी ते वाचत नाही.

गोव्यातल्या पार्से गावात राहून हे काम करणाऱ्याला असा पुरावा शोधायला वेल्सपर्यंत जावंच लागतं असं नाही. पार्से, कोरगाव, मांद्रे या पेडणे तालुक्यातल्या गावांत जत्रेच्या रात्री होणारा दशावतारी दहीकाला, लोकांच्या तोंडी धयकालो, हीच व्यवस्था फार जुन्या काळापासून वापरतो. वेंगुर्ल्याच्या पार्सेकर मंडळींसारख्या कंपन्या सिंधुदुर्गातून येतात, समोर एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. आख्यानाआधी आडदशावतार होतो. सूत्रधार येतो, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, पूजा सांगणारा भटजी येतो, आणि मग वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर. कथेच्या हिशेबाने बघा: पहिल्याच भागात चोरी, चोर उघड, चोरीचा माल कोणता तेही उघड, आणि तो विष्णूच्या हातून मरणार हे तर लहान पोरांनाही ठाऊक. तरी लोक संकासुराची वाट बघतात. तो मालवणीत प्रेक्षकांशी थट्टा करतो, टोमणे मारतो, लांबण लावतो, आणि त्याला लांबण लावता येते ती अंत ठरलेला असल्यामुळेच. पुढचं आख्यानही याच पद्धतीने उभं राहतं. राक्षस लवकर येतो, आपला बेत रंगमंचावर मोठ्याने सांगतो, आणि त्यानंतर अनभिज्ञ राजकन्या किंवा भोळा राजा समोर आला की प्रेक्षकांत चुळबुळ सुरू होते. लिखित संहिता नसते, संवाद आयत्या वेळी सुचतात. प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये असलेली ही आगाऊ माहितीची दोरी घट्ट असते, म्हणून नटाला एवढं मोकळं सुटता येतं.

इथे एक रास्त हरकत आहे. पुराणकथेचा शेवट माहीत असतो, थरारपटाचा नसतो. मग दोघांना एका दावणीला कसं बांधता? शिवाय हल्ली अनेक प्रयोगांत आडदशावतार आटोपता घेतला जातो, तरी आख्यान रंगतंच. म्हणजे त्या सुरुवातीवाचून काही अडत नाही. यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. शेवट माहीत असणं हा दशावताराचा विशेष, थरारपटाचा नव्हे. पण मी शेवटाबद्दल बोलत नाही. दोन्हीकडे प्रेक्षकाला पात्रांकडे नसलेली किंवा अजून उमगायची असलेली एक गोष्ट दिली जाते, आणि तिच्याकडे बघत तो पुढचं सगळं मापतो. दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आख्यानातच आहे. आडदशावतार छाटला तरी राक्षसाचा बेत छाटला जात नाही. तो छाटला तर आख्यान कोसळेल. विधी कमी करता येतो, देणं कमी करता येत नाही. कोकणातल्या गावाचं नाव घेऊन आलेल्या ‘तुंबाड’ (2018) या राही अनिल बर्वे यांच्या चित्रपटाने तर पुराणाची ही रीत सरळ उचलली आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर, त्याची सोन्याची आणि धान्याची हाव, धान्याला हात घालताच इतर देवांनी केलेला हल्ला, आईने त्याला पोटात दिलेला आसरा, हे सगळं सुरुवातीलाच सांगून टाकलं जातं. अक्राळविक्राळ काय आहे, ते कुठे आहे आणि त्याला कशाची भूक आहे हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. पुढे पिठाची बाहुली हातात घेऊन नायक विनायक त्या गर्भात उतरतो तेव्हा भीती वाटते ती ही भूक आपल्याला आधीच माहीत असल्यामुळे.

दुसरी हरकत व्यवहारातली आहे आणि ती मला सगळ्यांत वजनदार वाटते. जत्रेतला प्रेक्षक पहाटेपर्यंत बसायच्या तयारीनेच आलेला असतो, चित्रपटगृहातल्याने तिकीट काढलेलं असतं; मोबाइलवर बघणाऱ्याचा अंगठा मात्र पडद्यापासून बोटभर अंतरावर आहे. त्याला धरायचं तर धक्काच हवा, देणंघेणं सांगत बसायला वेळ कुणाला? धक्क्याला माझा विरोध नाही. सुजॉय घोष यांच्या ‘कहानी’ची (2012) सुरुवात भयंकर आहे: प्रयोगशाळेत विषारी वायूने मरणारे उंदीर आणि त्यानंतर कोलकात्याच्या मेट्रोच्या डब्यात गुदमरलेली माणसं. मोबाइलवरचा अंगठा इथे नक्की थांबेल. पण ते दृश्य धक्का देऊन संपत नाही. दोन वर्षांनी हरवलेल्या नवऱ्याच्या शोधात विद्या बागची या शहरात उतरते, तेव्हा त्या डब्याचा आणि तिचा काही संबंध असेल असं वाटत नाही. चित्रपटाचा सगळा उलगडा मात्र त्याच डब्यात आहे. रीमा कागती यांच्या ‘तलाश’मध्येही (2012) पहाटेच्या मुंबईत एक मोटार कारण नसताना समुद्रात जाते, आणि अखेरीस तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरची गाडी त्याच पाण्यात जाते तेव्हा पहिल्या अपघाताचा अर्थ लागतो. धक्का देणारी दृश्यं टिकली ती पुढच्या कथेला काहीतरी पुरवत असल्यामुळे. उलट जो खून केवळ लक्ष वेधायला पहिल्या मिनिटात टाकलेला असतो, तो पाचव्या मिनिटाला विसरला जातो, आणि मग दुसरा खून लागतो, मग तिसरा. एडिटवर हे स्पष्ट दिसतं: अशा चित्रपटाचा मधला भाग कितीही आवळला तरी सैल वाटतो, कारण त्याला ताणून धरणारं दुसरं टोक सुरुवातीला ठोकलेलंच नसतं.

तिसरी हरकत उलट बाजूने येते. काही उत्तम थरारपट सुरुवातीला काहीच घडू देत नाहीत, त्यांचं काय? याचं उत्तरही कामत यांच्याच कामात आहे. ‘डोंबिवली फास्ट’ (2005) सुरू होतो तो माधव आपटेच्या दिनक्रमाने. उठणं, पाणी, डबा, लोकल, कचेरी, परत लोकल, आणि पुन्हा तेच. गुन्हा नाही, प्रेत नाही, कोडं नाही. तरी त्या पुनरावृत्तीत एक माहिती अचूक पोचते: या माणसाचं आयुष्य इतक्या घट्ट चाकोरीत बसवलेलं आहे, की कुठेतरी एक खिळा निसटला तरी सगळं उधळेल. म्हणून पुढे किरकोळ कारणावरून त्याचा तोल जातो तेव्हा ते अविश्वसनीय वाटत नाही. शांत सुरुवातही देते. ती घटना देत नाही, दाब देते. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ची (1954) सुरुवातही अशीच, जवळपास निःशब्द. अंगण, खिडक्या, घामाने भिजलेला चेहरा, प्लास्टरमधला पाय, मोडलेला कॅमेरा, शर्यतीतल्या अपघाताचं छायाचित्र. एकाही वाक्यावाचून कळतं की धाडसाची चटक असलेला हा छायाचित्रकार आता खुर्चीला खिळला आहे आणि त्याच्यासमोर बघायला एवढंच अंगण आहे. तो दुसऱ्यांच्या घरात डोकावणार हे आपण त्याच्या आधी ओळखतो.

मग लपवण्याला काही जागाच नाही का? आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964), ज्यावरून पुढे राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (1966) केला, बायकोच्या मृत्यूवर उभा आहे. वकील नवरा आपल्या डोळ्यांनी तिला मरताना बघतो, आणि नंतर तिच्यासारखीच दिसणारी स्त्री न्यायालयात ‘मीच ती’ म्हणून उभी राहते. प्रेक्षकानेही तो मृत्यू पाहिलेला असतो, त्यामुळे तो नवऱ्याइतकाच ठाम असतो. लपवलेली बाब म्हणजे मेलेली बाई कोण. मृत्यू स्वतः खराच आहे. दिलेलं खोटं नाही, आपण लावलेला अर्थ खोटा आहे. या दोहोंमधली रेघ ज्या चित्रपटाला सांभाळता येत नाही तो शेवटी फसवल्यासारखा वाटतो. हिचकॉकच्या ‘सायको’चं (1960) उदाहरण माझ्या मताविरुद्ध नेहमी दिलं जातं: सुरुवात एका बाईची आणि तिने चोरलेल्या पैशांची, आणि अर्ध्याच्या आत ती बाईच मरते. ते पहिलं दृश्य म्हणजे सरळ दिशाभूल नव्हे का? काही अंशी आहे, हे मान्य करायला हवं. पैशांचं पुढे फारसं काही होत नाही. पण त्या दृश्याने दिलेली दुसरी गोष्ट टिकते. आपण चोरून काहीतरी बघतो आहोत ही जाणीव हॉटेलच्या खिडकीतून आत शिरणाऱ्या कॅमेऱ्याने पहिल्याच मिनिटात करून दिलेली असते, आणि पुढे मोटेल चालवणारा नॉर्मन भिंतीच्या भोकाला डोळा लावतो तेव्हा ती चुकती होते. हा अपवाद करायला हिचकॉकचा हात लागतो. नेहमीच्या कामात तो नियम म्हणून धरला तर फजितीच व्हायची.

या सगळ्यात सर्वांत अवघड प्रकार म्हणजे जिथे पहिलं दृश्य कथेशी संबंध नसल्यासारखंच वाटतं. श्रीराम राघवन यांचा पुण्यात घडणारा ‘अंधाधुन’ (2018) कोबीच्या शेतात सुरू होतो. एका डोळ्याने अधू असलेला ससा, त्याच्या मागे बंदूक घेतलेला माणूस, गोळीचा आवाज आणि काहीतरी आदळल्याचा भास. तिथून आपण थेट पियानो वाजवणाऱ्या आकाश या तरुणाकडे जातो आणि ससा विसरतो. शेवटी आकाश आपली हकिकत सांगतो तेव्हा तो ससा परत येतो, त्याच्या उडीने गाडी उलटते, आणि आकाशच्या काठीच्या मुठीवरही सशाचंच डोकं असतं. आता प्रश्न असा उरतो, की ससा खरोखर होता की आकाशने रचला? तो आपण स्वतः पाहिला आहे, म्हणून आकाशवर विश्वास ठेवावासा वाटतो; आणि सांगणारा लबाड आहे हेही एव्हाना माहीत आहे. चित्रपट संपल्यावर लोक वाद घालतात तो याच सशावरून. सुरुवात प्रेक्षकाला साक्षीदार करते आणि शेवट त्याची साक्ष संशयास्पद ठरवतो. इतकं साधायला पहिलं दृश्य मिनिटभराचंच पुरलं.

कामाच्या दृष्टीने यातून एक चाचणी निघते, आणि संकलनात ती वापरण्याजोगी आहे. शेवटचं रीळ बघून झालं की पहिलं दृश्य पुन्हा लावावं. त्यात एखादी गोष्ट जर आता वेगळी दिसत असेल, जड झाली असेल, तर ते दृश्य ठेवावं, मग ते कितीही संथ असो. पूर्वी दिसलं तेवढंच दिसत असेल, तर त्यात दहा प्रेतं असली तरी ते काढून टाकावं. ‘दृश्यम’च्या कथेची मल्याळमनंतर कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि सिंहली रूपं आली, चिनी भाषेतही ती गेली, आणि रहस्य फुटलेलं असतानाही लोकांनी ती पाहिली. उत्तर ठाऊक असलेल्यालाही जी सुरुवात बांधून ठेवते, तिचं बळ अज्ञानावर अवलंबून नाही हे यावरून उघड आहे. पेडण्यातले, डिचोलीतले तरुण आता मोबाइलवर लघुपट करतात आणि बहुतेकांची पहिली धडपड असते ती काहीतरी दडवण्याची. त्यांना माझं सांगणं एवढंच, की प्रेक्षकाला आधी काहीतरी सांगा, खरं सांगा, आणि त्याचा अर्थ शोधायला त्याला पूर्ण वेळ द्या. जो लेखक सुरुवातीलाच आपल्याजवळचा महत्त्वाचा ऐवज समोर ठेवायला कचरतो, त्याच्याजवळ बहुधा शेवटीही दाखवायला फारसं काही नसतं.